माउस सोडून ट्रॅकबॉल घ्यायचाय? मग आधी अंगठा की बोटं ते ठरवा

ट्रॅकबॉल नाव ऐकलेलं असतं पण हातात घेतलेला नसतो असे लोक भरपूर, म्हणून आधी दोन ओळीत. माउस आपण टेबलावर फिरवतो, ट्रॅकबॉल जागचा हलत नाही, त्यात एक गोटी बसवलेली असते ती बोटाने फिरवली की कर्सर पळतो, बाकी क्लिकची बटणं नेहमीसारखीच. सोनोग्राफी करून घेतली असेल तर आठवेल, डॉक्टर एका हाताने प्रोब पोटावर धरतात आणि दुसऱ्या हाताने मशीनच्या पॅनेलवरचा एक गोळा फिरवत मापं घेत असतात, तो ट्रॅकबॉलच. काही जुन्या ब्लॅकबेरी फोनवर मधोमध जो मोत्याएवढा दाणा होता, तोही तोच प्रकार.

आणि हे नवीन फॅड वगैरे काही नाहीये. राल्फ बेंजामिन नावाच्या इंजिनिअरने १९४६ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या रडार यंत्रणेसाठी हा प्रकार काढला, पुढे १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडाच्या नौदलाने त्यांच्या डेटार नावाच्या प्रकल्पात केला तेव्हा त्यात चक्क बोलिंगचा बॉल बसवला होता, तिकडच्या फाइव्ह-पिन बोलिंगचा. माउस शोधणाऱ्या डग्लस एंगलबार्टने तो जगासमोर दाखवला तो १९६८ मध्ये, म्हणजे वयाने ट्रॅकबॉल मोठा. रडारच्या कन्सोलसमोर बसलेल्या माणसाला हात फिरवायला मोकळं टेबल नसतं, गोळा मात्र पॅनेलमध्येच बसवता येतो. आजही ट्रॅकबॉलचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे, जागा लागत नाही आणि खांदा-कोपर हलवावा लागत नाही.

कोणी घ्यावा, कोणी नको

दिवसभर माउस धरून ज्यांचं मनगट किंवा खांदा भरून येतो, ज्यांच्या टेबलावर कीबोर्ड, चहा, फाइली आणि मुलाची कंपासपेटी असं सगळं एकत्र असतं, जे दोन-तीन मॉनिटर लावून बसतात आणि कर्सर या टोकाहून त्या टोकाला न्यायला माउस तीनदा उचलून ठेवतात, जे सोफ्यावर रेलून किंवा पलंगावर बसून काम करतात, त्यांना याचा खरा उपयोग. कोरलड्रॉ, इलस्ट्रेटर, कॅड, व्हिडिओ एडिटिंग, मोठमोठ्या एक्सेल शीट, यात चांगला चालतो.

दिवसभर टॅलीच असेल तर मात्र पैसे घालू नका, टॅलीवाल्याचा हात कीबोर्डवरून उठतच नाही, माउसच लागत नाही तर ट्रॅकबॉल काय करायचाय. नेमबाजीचे गेम सिरियसली खेळत असाल तरी जपून, खेळतात लोक ट्रॅकबॉलवर पण सवय व्हायला खूप वेळ जातो आणि तोवर मार खायची तयारी पाहिजे.

अजून एक स्पष्ट बोलतो. हात दुखतोय म्हणून ट्रॅकबॉल घेणार असाल तर हे औषध नाहीये. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल तर आधी डॉक्टरला दाखवा, कार्पल टनेल म्हणजे मनगटात नस दाबली जाण्याचा त्रास असू शकतो. ट्रॅकबॉलने मनगटाची डावी-उजवी हालचाल वाचते हे खरं, पण ती मेहनत गायब होत नाही, ती अंगठ्यावर किंवा बोटांवर जाते. कुठला ट्रॅकबॉल घ्यायचा याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

अंगठा की बोटं

बाजारात मुख्य दोन जाती. पहिलीत गोटी डाव्या बाजूला असते आणि ती अंगठ्याने फिरवायची, तर्जनी आणि मधलं बोट नेहमीप्रमाणे डाव्या-उजव्या बटणावर, मध्ये स्क्रोलचं चाक. लॉजिटेकचे एम५७५ आणि एमएक्स अर्गो या जातीचे, इलेकॉमचा ईएक्स-जी पण. दुसरीत गोळा मधोमध असतो, तर्जनी-मधलं बोट किंवा सगळ्याच बोटांनी फिरवायचा आणि क्लिक बहुतेक अंगठा नि करंगळीकडच्या बोटाने. केन्सिंग्टनचे एक्सपर्ट माउस (नावात माउस असला तरी ट्रॅकबॉलच), ऑर्बिट, स्लिमब्लेड हे त्यातले, इलेकॉमचे डेफ्ट प्रो आणि ह्यूज पण.

अंगठावाला शिकायला सोपा, कारण हात धरायची पद्धत माउससारखीच राहते, बटणं तीच, चाक तेच, फक्त हलवण्याचं काम अंगठ्याकडे जातं. एका दिवसात मेल वगैरे जमायला लागते. पण अंगठा हा जाडजूड गडी आहे, त्याला उचलायला, दाबायला, धरायला सांगा मस्त करेल, बारीक कलाकुसर त्याचं काम नाही. तर्जनी आणि मधल्या बोटाला पेन धरायची सवय असते, त्यांना बारीक हालचाल येते. त्यामुळे कोरलमध्ये अक्षराचे नोड म्हणजे कडेवरचे टिंब ओढणं, फोटोशॉपमध्ये केसाच्या कडेने सिलेक्शन करणं असलं काम रोजचं असेल तर बोटांचाच घ्या, सुरुवातीचा आठवडा विचित्र वाटेल तरीही.

आणि ज्यांचा अंगठा आधीच दुखतो त्यांनी अंगठावाला घेऊ नये. आजकाल मोबाइलवर टाइप करून करून अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखणं बऱ्याच जणांना असतं, त्यातल्या एका प्रकाराला डी क्वेर्वेन म्हणतात, अंगठ्याच्या शिरा म्हणजे टेंडन जिथून जातात तिथे सूज. डॉक्टर अंगठा मुठीत घ्यायला लावून मनगट करंगळीकडे वाकवून बघतात ते यासाठीच. असं दुखणं असताना दिवसभर अंगठ्याने गोटी फिरवली तर ते वाढायचीच शक्यता. मनगट वाचवायला गेलो आणि अंगठा गेला असं व्हायला नको.

डावखुऱ्यांसाठी पण बोटांचा बरा, कारण एक्सपर्ट माउस, ऑर्बिट, स्लिमब्लेड हे दोन्ही बाजूंनी सारखे असतात, कुठल्याही हाताला चालतात. अंगठावाले जवळजवळ सगळे उजव्या हाताचे, इलेकॉमने ईएक्स-जीचा डाव्या हाताचा काढलाय पण तो शोधावा लागतो. उजव्या हाताने लिहिणाऱ्यांनीही एक विचार करून बघा, सारख्या आकाराचा घेतला तर डाव्या हाताला कर्सर देता येतो आणि उजवा हात नंबरपॅडला मोकळा राहतो, एक्सेलमध्ये आकडे भरणाऱ्यांना हे फार आवडतं.

गोळ्याचा साइज

अंगठावाल्यांत बहुतेक ३४ मिलिमीटरची गोटी असते. ऑर्बिटमध्ये ४० ची, डेफ्ट प्रोमध्ये ४४ ची, ह्यूजमध्ये ५२ ची आणि एक्सपर्ट माउस व स्लिमब्लेडमध्ये ५५ ची. मोठा गोळा जड असतो, एकदा ढकलला की थोडा स्वतःहून फिरत राहतो, त्यामुळे लांब जायला मजा येते आणि थांबवताना नुसतं बोट टेकवलं तरी थांबतो. शिवाय परीघ मोठा असल्यामुळे बोट तेवढंच हललं तरी तो कमी अंशात फिरतो, बारीक काम सोपं जातं. वाईट बाजू म्हणजे तो टेबलावर बशीएवढी जागा खातो आणि बॅगेत न्यायला नको वाटतो. प्रवास असेल तर छोटाच.

स्क्रोल कसा होतो ते बघितल्याशिवाय घेऊ नका

हे लोक हमखास विसरतात. दिवसभरात आपण कर्सर जेवढा हलवतो तेवढंच पान वर-खाली करतो, आणि प्रत्येक ट्रॅकबॉलचा स्क्रोल वेगळा. अंगठावाल्यांत साधं चाक, काही प्रश्न नाही. एक्सपर्ट माउसमध्ये गोळ्याभोवती एक रिंग असते ती फिरवायची, आडवी बोटाने सरकवायची सवय लागते. ऑर्बिटचे दोन प्रकार आहेत, एकाला रिंग आहे आणि एकाला नाही, ऑनलाइन फोटो नीट बघा नाहीतर स्वस्त म्हणून बिनरिंगचा घरी येईल. स्लिमब्लेडला ना चाक ना रिंग, तिथे गोळाच जागच्या जागी बाटलीचं झाकण फिरवल्यासारखा पिळायचा की पान सरकतं, ऐकायला चमत्कारिक आहे पण हात बसला की झकास. लॉजिटेकचा जुना ट्रॅकमॅन मार्बल कुठे सेकंडहँड मिळाला तर त्याला चाकच नाही हे लक्षात ठेवा, एखादं बटण दाबून धरून गोळा फिरवला की स्क्रोल, असं सॉफ्टवेअरमधून करून घ्यावं लागतं. ही शेवटची युक्ती कुठल्याही ट्रॅकबॉलला लावता येते आणि लांबलचक पीडीएफ वाचणाऱ्यांना चाकापेक्षा हीच जास्त आवडते, कारण बोट घासत बसायचं काम नाही.

वायर, सेल आणि डोंगल

टेबलावरून हलणारच नाहीये तर वायरला काय हरकत आहे, उलट सेल संपायची कटकट नाही. पण वायरवाले मॉडेल कमी होत चाललेत. एम५७५ एका पेन्सिल सेलवर चालतो आणि कंपनी दोन वर्षं म्हणते, प्रत्यक्षात वापरावर आहे पण वारंवार बदलावा लागत नाही. एमएक्स अर्गो चार्ज करायचा असतो, २०१७ चा पहिला अर्गो जुन्या मायक्रो यूएसबीचा आणि २०२४ चा अर्गो एस टाइप-सीचा, तेव्हा जुना स्टॉक स्वस्तात मिळतोय म्हणून घेताना वायर कुठली लागते ते बघा. अर्गोमध्ये खालची प्लेट वळवून उजवीकडे २० अंशाचा उतार देता येतो, हात हस्तांदोलनाच्या दिशेने थोडा वळतो, मनगटवाल्यांना ते बरं वाटतं. गोटीशेजारी एक छोटं बटण पण आहे, ते दाबलं की कर्सर हळू होतो बारीक कामासाठी.

डोंगल म्हणजे वायरलेससाठी यूएसबी पोर्टला लावायचा छोटा तुकडा, आणि लॉजिटेकच्या डोंगलमध्ये एक गोंधळ आहे, जुनं युनिफाइंग आणि नवं बोल्ट, एकाचा माउस दुसऱ्याच्या डोंगलवर चालत नाही. घरी आधीच एक डोंगल आहे, त्यावरच जोडू असा हिशोब असेल तर बॉक्सवर बघून घ्या. ब्लूटूथ असलं की हा प्रश्न मिटतो, पण ऑफिसच्या लॅपटॉपवर ब्लूटूथ बंद करून ठेवलेलं असतं बऱ्याच ठिकाणी, आणि काही ठिकाणी बाहेरचं यूएसबी पण चालू देत नाहीत, आयटीवाल्यांना आधी विचारा.

घेताना

दुकानात जाऊन हाताळून घ्या हे सांगणं सोपं आहे, पण मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जरी गेलात तरी ट्रॅकबॉल शेल्फवर मांडलेला मिळेलच असं नाही, दुकानदार मागवून देतो म्हणतो. त्यामुळे बहुतेकांना ऑनलाइनच घ्यावा लागतो. मग रिटर्नचे नियम वाचा, माउस-कीबोर्डवर बरेचदा नुसतं रिप्लेसमेंट असतं, आवडला नाही म्हणून पैसे परत मिळत नाहीत. ओळखीत कोणाकडे असेल तर एक शनिवार-रविवार मागून आणा, तेवढ्यात अंगठा की बोटं हे नक्की कळतं. इलेकॉम आपल्याकडे सरळ मिळणं अवघड, जपानहून किंवा दुसरीकडून मागवला तर कस्टम ड्युटी धरून किंमत मोजा आणि वॉरंटी जवळजवळ नाहीच असं समजा. परदेशात कोणी नातेवाईक असेल आणि येणार असेल तर हे एक सांगून ठेवण्यासारखं आहे, चॉकलेटपेक्षा बरं.

माझं मत विचाराल तर ऑफिसचं सर्वसाधारण काम, पहिलाच ट्रॅकबॉल, अंगठा ठणठणीत, तर एम५७५. डिझाइनचं काम किंवा अंगठा नाजूक, तर रिंगवाला ऑर्बिट, आणि बजेट असेल तर सरळ एक्सपर्ट माउस. अगदी अनोळखी स्वस्त कंपनीचा घेऊ नका, माउसमध्ये स्वस्त चालून जातो पण ट्रॅकबॉलमध्ये गोटी गुळगुळीत फिरण्यावरच सगळं आहे, ती अडखळायला लागली की दुसऱ्या दिवशी तुम्ही माउसवर परत.

टेबलावर कुठे ठेवायचा

कीबोर्डच्या अगदी शेजारी, जेवढा जवळ जमेल तेवढा. नंबरपॅडवाला मोठा कीबोर्ड असेल तर हात उगाच लांब जातो, नंबरपॅड लागत नसेल तर छोटा कीबोर्ड घ्या, तेवढ्याने सुद्धा खांद्याला फरक पडतो. कोपर अंगाजवळ, साधारण काटकोनात, आणि पुढचा हात टेबलावर किंवा खुर्चीच्या हातावर टेकलेला. माउसला आपण पूर्ण हात वापरतो म्हणून हात हवेत राहिला तरी चालून जातं, ट्रॅकबॉलला हात टेकलेलाच पाहिजे नाहीतर बोटं ताठ होतात.

बोटांचे मोठे ट्रॅकबॉल उंच असतात, त्यामुळे मनगट वरच्या बाजूला मोडतं, पंजा वर आणि मनगट खाली अशी अवस्था. एक्सपर्ट माउसबरोबर मनगटाखाली लावायची गादी येते ती काढून टाकू नका, लावा. नसेल तर जुना टॉवेल घडी करून ठेवला तरी चालतो. बाजूने आरशात किंवा मोबाइलवर फोटो काढून बघा, पुढचा हात आणि पंजा एका रेषेत दिसला पाहिजे. ट्रॅकबॉल स्वतः घसरता कामा नये, खालचे रबर पुसून घ्या, काचेच्या टेबलावर सरकत असेल तर खाली मऊ मॅट टाका.

सेटिंग

बॉक्समधून काढला आणि तसाच वापरला की बहुतेकांना वाटतं कर्सर एकतर रांगतोय नाहीतर उडतोय. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, माउस इथे जाऊन पॉइंटर स्पीड बदलता येतो. असा ठेवा की गोटीवर एकदा बोट फिरवलं की कर्सर स्क्रीनच्या या कडेहून त्या कडेला जाईल, दोनदा-तीनदा ढकलावं लागू नये. तिथेच एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन नावाचं एक बटण आहे, गेमवाले म्हणतात ते बंद ठेवा, पण ट्रॅकबॉलला मी म्हणेन चालू ठेवा. त्याने होतं काय, गोटी हळू फिरवली तर कर्सर आणखी हळू आणि झटक्यात फिरवली तर आणखी लांब, म्हणजे एकाच सेटिंगवर लांबची उडी पण जमते आणि बारीक काम पण. दोन दिवसात मन नाही रमलं तर मग बंद करून बघा, सारखं चालू-बंद करत राहिलात तर हाताला काहीच सवय लागणार नाही.

खाली ॲडिशनल माउस सेटिंग्ज उघडलं की जुनी खिडकी येते. त्यात बटन्सच्या टॅबमध्ये क्लिकलॉक आहे ते चालू करा, याचा उपयोग पुढे सांगतो. पॉइंटर ऑप्शन्समध्ये कंट्रोल दाबलं की कर्सरभोवती गोल दिसेल असं एक खूण करायचं खोकं आहे, तेही करा, दोन मॉनिटरवर कर्सर हरवतोच.

मग कंपनीचं सॉफ्टवेअर, लॉजिटेकचं लॉजी ऑप्शन्स प्लस, केन्सिंग्टनचं केन्सिंग्टनवर्क्स. जास्तीच्या बटणांना कॉपी, पेस्ट, मागे जा, डबल क्लिक असं काही देता येतं. डबल क्लिक एका बटणावर देऊन ठेवा, बोटाला फार आराम. ऑफिसात सॉफ्टवेअर टाकायची परवानगी नसेल तर नुसती डावी-उजवी बटणं बदलणं विंडोजमध्येच होतं. मॅकवर वेग वाढवायला सिस्टिम सेटिंग्जमधला ट्रॅकिंग स्पीड पुरतो, त्याहून जास्त पाहिजे असेल तर लिनिअरमाउस नावाचं फुकट ॲप आहे. लिनक्सवाल्यांना बटण दाबून गोळ्याने स्क्रोल करायची सोय लिबइनपुटमध्येच मिळते, ते लोक स्वतः शोधून काढतातच.

हात बसवताना

पहिले काही दिवस चिडचिड होणार, धरूनच चाला. महिनाअखेरीला, डेडलाइनच्या आठवड्यात सुरुवात करू नका, निवांत दिवस बघा. आधी मेल, ब्राउझिंग, यूट्यूब एवढंच ट्रॅकबॉलवर, आणि गडबडीचं काम माउसवर, असं केलं तरी चालतं. दोन आठवड्यांनी हात विचार न करता जायला लागतो, काहींना जास्त लागतो.

गोटीवर दाब देऊ नका. नवीन माणूस गोटी घट्ट दाबून फिरवतो आणि मग म्हणतो बोट दुखतं. बोटाचं टोक हलकं टेकवायचं, लांब जायचं असेल तर ढकलून सोडून द्यायचं आणि जवळ आलं की बोट टेकवून थांबवायचं, मग शेवटचे चार-पाच पिक्सेल हळूच. म्हणजे एक ढकल, एक थांब, एक बारीक दुरुस्ती. अंगठावाल्यात अंगठा पूर्ण सरळ करून किंवा पूर्ण वाकवून फिरवू नका, मधल्या आरामाच्या पट्ट्यातच ठेवा, गोटी पुढे संपली की अंगठा उचलून परत मागे ठेवायचा. वेग कमी ठेवलेल्या लोकांचे अंगठे इथेच दुखायला लागतात.

क्लिक करताना गोटीवरचं बोट स्थिर ठेवा. सुरुवातीला क्लिकच्या धक्क्याने कर्सर सरकतो आणि शेजारच्या फाइलवर क्लिक बसते. उपाय एकच, आधी थांबा आणि मग दाबा, घाई गेली की हे आपोआप जातं.

ड्रॅग

खरी परीक्षा ड्रॅगची. माउसमध्ये बटण दाबून पूर्ण हातच सरकवतो म्हणून कळत नाही, ट्रॅकबॉलमध्ये एक बोट बटण दाबून धरतं आणि दुसरं गोटी फिरवतं, आणि मध्येच गोटी संपली की बोट उचलून परत ठेवायचं पण बटण सुटू द्यायचं नाही. बोटांच्या ट्रॅकबॉलवर तर अंगठा बटणावर आणि तर्जनी-मधलं बोट गोळ्यावर, पंजा ताणल्यासारखा होतो.

कोरलमधलं उदाहरण घ्या. फ्लेक्सचा मजकूर लावताय, अक्षरं कर्व्हमध्ये बदलली आणि ‘श्री’ च्या वेलांटीचा एक नोड जरा वर घ्यायचाय. झूम भरपूर करा, ट्रॅकबॉलवाल्याने झूमला कंजुषी करू नये. कर्सर नोडवर आणा, थांबा, क्लिक करून निवडा आणि सोडा. आता ओढायच्या आधी बघा की ओढायची गरज आहे का, कारण कीबोर्डच्या बाणांनी तो नोड बारीक बारीक सरकतो आणि ते कुठल्याही माउसपेक्षा अचूक. लांब न्यायचा असेल तरच दाबून धरा आणि गोटी हळू फिरवा, सरळ रेषेत ठेवायचं असेल तर कंट्रोल धरा, आडवं किंवा उभंच जातं. अगदी गोल फिरवत फ्रीहँड रेघ काढायची असेल तर मात्र ट्रॅकबॉलच्या नादाला लागू नका, त्याला पेन टॅबलेटच पाहिजे.

क्लिकलॉक इथे कामाला येतं. डावं बटण क्षणभर दाबून धरलं की ते अडकल्यासारखं राहतं, मग बोट सोडून निवांत गोटी फिरवा आणि जागेवर पोचलं की परत एक क्लिक, सुटलं. एक्सेलमध्ये शंभर ओळी सिलेक्ट करताना, फोल्डरमधल्या फाइली ओढताना हात अजिबात आखडत नाही. केन्सिंग्टनवर्क्समध्ये एका बटणालाच ड्रॅग देऊन ठेवता येतो. मजकूर सिलेक्ट करायला तर ड्रॅग लागतच नाही, सुरुवातीला क्लिक, शेवटाला शिफ्ट धरून क्लिक.

साफसफाई

याशिवाय ट्रॅकबॉल टिकत नाही, आणि दोन मिनिटांचं काम आहे. गोटी ज्या खड्ड्यात बसते तिथे आतून तीन बारीक मणी असतात, ज्वारीच्या दाण्याहून लहान, सिरॅमिकचे किंवा कृत्रिम माणकाचे, त्या तीन टेकूंवर गोटी तोललेली असते. बोटाचा घाम, तेल, कातडीचा भुगा आणि टेबलावरची धूळ गोटीवरून आत जाऊन नेमकी या मण्यांभोवती जमते. मग गोटी एका दिशेला नीट फिरते आणि दुसऱ्या दिशेला अडखळते, किंवा कर्सर मध्येच थबकतो. लोकांना वाटतं बिघडला.

बंद करा किंवा वायर काढा. एम५७५ उलटा केला की खाली एक भोक दिसतं, त्यातून पेन्सिलीचं मागचं टोक घालून दाबलं की गोटी टपकन बाहेर येते, खाली हात धरा, फरशीवर पडली तर कपाटाखाली जाणार. अर्गोत आधी खालची चुंबकाने चिकटलेली लोखंडी प्लेट काढायची, मग तेच. एक्सपर्ट माउस नुसता उलटा केला तरी गोळा हातात येतो. आता आत उजेडात बघा, प्रत्येक मण्याला राखाडी रंगाची कड आलेली असते, कधी कधी केसाचा वेटोळा. नखाने किंवा टूथपिकने ती कड अलगद सुटते, मग कानाच्या काडीने पुसून घ्या. आत खाली किंवा बाजूला सेन्सरची छोटी काच असते, तिच्यावर फुंकर मारा किंवा कोरडा मऊ कपडा, ओलं काही नको. गोटी चष्म्याच्या कपड्याने पुसा, फारच चिकट असेल तर साबणाच्या ओल्या बोटाने धुऊन पूर्ण कोरडी करा.

इथे एक गंमत आहे. एकदम चकाचक धुतलेली किंवा अगदी नवी गोटी उलट अडखळते, सुरू होताना चिकटल्यासारखी वाटते, कारण तिच्यावर हाताचं तेल उरलेलं नसतं. एक-दोन दिवस वापरली की आपोआप सुटते, घाई असेल तर बोट नाकाच्या कडेला फिरवून गोटीवर फिरवा, जगभरचे ट्रॅकबॉलवाले हेच करतात, कोणी मोठ्याने सांगत नाही. खोबरेल तेल, मशीनचं तेल, डब्ल्यूडी-४० असलं काही घालू नका, धूळ आणखी धरते आणि सेन्सरवर गेलं तर संपलं. जेवताना, विशेषतः शेव-चिवडा खात असताना हात पुसल्याशिवाय गोटीला लावू नका. दमट हवेत, कोकणात नाहीतर पावसाळ्यात मुंबईत, साफसफाई जरा लवकर लवकर करावी लागते.

बिघडल्यासारखं वाटलं तर

गोटी गुळगुळीत फिरतेय पण कर्सर झटके खातोय, तर आधी सेल बदला. तरी तेच, तर डोंगल कुठे लावलंय ते बघा. निळ्या रंगाच्या यूएसबी ३ पोर्टच्या शेजारी, त्यातून एक्स्टर्नल हार्डडिस्क लावलेली असेल तर २.४ गिगाहर्ट्झच्या सिग्नलला त्रास होतो, हे सगळ्याच वायरलेस माउसना होतं. डोंगल साध्या यूएसबी २ पोर्टला लावा किंवा छोटी एक्स्टेन्शन वायर लावून ट्रॅकबॉलच्या जवळ आणा. डेस्कटॉप टेबलाखाली आणि डोंगल पीसीच्या मागे, ही सगळ्यात वाईट जागा.

एकदा दाबलं की दोनदा क्लिक होतंय, हे काही वर्षांनी कुठल्याही कंपनीच्या माउसला होऊ शकतं, आतलं मायक्रोस्विच झिजतं. वॉरंटी असेल तर पहिल्यांदा तिथे जा, बिल जपून ठेवा, नुसता ऑर्डरचा स्क्रीनशॉट बरेचदा चालत नाही. वॉरंटी संपली असेल तर मोबाइल दुरुस्तीवाला सोल्डरिंग करून स्विच बदलून देऊ शकतो, स्विच फार महाग नसतं, फक्त तळाचे रबर उखडल्याशिवाय स्क्रू दिसत नाहीत बऱ्याच मॉडेलमध्ये, ते नीट परत चिकटवायला सांगा.

गोटी हरवली किंवा चरे पडले तर ३४ मिलिमीटरच्या सुट्या गोट्या परिक्स नावाची कंपनी वेगवेगळ्या रंगात विकते, लॉजिटेकच्या अंगठावाल्यांत त्या बसतात म्हणून लोक वापरतात. मुलांच्या काचेच्या गोट्या किंवा कॅरमच्या डब्यातलं काही बसवून बघू नका, सेन्सरला पृष्ठभाग वाचता आला पाहिजे आणि गोलाई अचूक पाहिजे. सेकंडहँड घेत असाल तर पहिल्यांदा गोटी काढून ते तीन मणी बघा, एकावरही चपटी झिज दिसली तर नका घेऊ, बाकी कितीही चमकत असू दे.

आणि जुना माउस कपाटात टाकू नका, लावूनच ठेवा, दोन्ही एकदम चालतात, सेटिंग काही करावं लागत नाही. घरात दुसरं कोणी कॉम्प्युटरवर बसलं की पहिल्या मिनिटाला हाक येतेच, ‘अरे हा हलत का नाहीये.’ त्यांच्यापुढे माउस सरकवा.